चौथा गोल

मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त गोल कुणी केले, असं विचारलं तर आपल्याकडच्या बहुतेक लेखांत एकच उत्तर सापडतं: मुंबईचा नेव्हिल डिसूझा. सामन्यांच्या नोंदी मात्र तीन नावं देतात. भारताचा नेव्हिल डिसूझा, युगोस्लाव्हियाचा तोडोर वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा दिमितर मिलानोव. तिघांचे प्रत्येकी चार गोल. ‘गोल्डन बूट’ वगैरे तेव्हा ऑलिंपिकमध्ये दिला जात नव्हता, त्यामुळे तो डिसूझाने पटकावला किंवा त्याचा हुकला, ही दोन्ही विधानं सारखीच निराधार.

सामन्यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट दिसते आणि ती मला तरी कुठे लिहिलेली आढळली नाही. तिघांचाही हिशेब एकाच धाटणीचा आहे. प्रत्येकाने आपल्या संघाच्या पहिल्या सामन्यात तीन गोल केले आणि पुढे एक. वेसेलिनोविचचे तीन अमेरिकेविरुद्ध, मिलानोवचे ब्रिटनविरुद्ध, डिसूझाचे ऑस्ट्रेलियाविरुद्ध. आणि चौथा? वेसेलिनोविचने तो भारताविरुद्ध केला. मिलानोवनेही भारताविरुद्धच. डिसूझाने तो युगोस्लाव्हियाविरुद्ध केला, आणि वेसेलिनोविचचा चौथा गोल झाला त्याच सामन्यात. म्हणजे तिघांची बरोबरी ज्या तीन गोलांनी झाली, ते तिन्ही भारत खेळत असलेल्या दोन सामन्यांत पडले.

या तिघांपैकी दोघांचा माग इथे काढायचा आहे. एक बार्देसच्या आसगावात जन्मलेला आणि मुंबईच्या कंपन्यांच्या संघांतून खेळलेला. दुसरा डॅन्यूबकाठच्या नोवी सादचा सर्बियन, जो पुढे जोडे बांधून देशोदेशी खेळत आणि शिकवत हिंडला.

आधी कागदांविषयी. मेलबर्नच्या संयोजन समितीचा अधिकृत अहवाल १९५८ मध्ये छापला गेला; खेळ संपल्यावर दोन वर्षांनी. राष्ट्रीय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या याद्या आहेत. युगोस्लाव्हियाच्या पहिल्या श्रेणीच्या लीगचे मोसमवार तक्ते आहेत आणि त्यांत दरवर्षी सर्वाधिक गोल करणाऱ्यांची नावं आहेत. आपल्याकडे रोव्हर्स चषक आणि संतोष करंडक यांच्या विजेत्यांच्या याद्या आहेत. या साऱ्यांचं वजन सारखं नाही. निकाल आणि तारीख यांवर सहसा वाद नसतो. गोल कुणी केला, यावरही क्वचितच. गोल कितव्या मिनिटाला झाला ही नोंद त्या मानाने मऊ, कारण ती पंचाच्या घड्याळावर आणि पत्रकाराच्या वहीवर अवलंबून. दोन मिनिटांचा फरक पडला तर तो सोसावा. खेळाडू किती चपळ होता, त्याची किक किती जबरदस्त होती, हे सगळं नंतरच्या आठवणींतून येतं, आणि आठवणींत किक दरवर्षी थोडी अधिक जबरदस्त होत जाते.

नेव्हिल डिसूझाचा जन्म ३ एप्रिल १९३२ चा. आसगाव तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली. त्या काळात मुंबई आणि गोवा यांना जोडणाऱ्या मुख्य वाटा दोन होत्या: भाऊच्या धक्क्यावरून सुटून कोकणातली बंदरं घेत पणजीला लागणारी आगबोट, नाहीतर कॅसलरॉकचा घाट उतरून मुरगावला पोचणारी आगगाडी. या वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या गोंयकार मुंबईला आले. बोटीवर, हॉटेलात, बँडमध्ये, कारकुनीत लागले. धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांत गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. गावचा माणूस तिथे उतरायचा, पेटी ठेवायचा आणि काम शोधायला निघायचा. मुंबईच्या फुटबॉलला या वस्त्यांनी अखंड खेळाडू पुरवले.

यात एक राजकीय विसंगती दडलेली आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, भारताने सीमा बंद केली, गोव्याची आगगाडी थांबली. त्यानंतर सव्वा वर्षाने भारताचा झेंडा घेऊन मेलबर्नला उतरलेल्या संघाचा मुख्य गोल करणारा खेळाडू ज्या गावात जन्मला होता, त्या गावात जायला त्याच्या देशबांधवांना सरळ वाट उरली नव्हती. गोवा मुक्त व्हायला अजून पाच वर्षं होती. मैदानावर याचा काही परिणाम झाला असं म्हणायला आधार नाही. पण संघयादी वाचताना जन्मस्थळाच्या रकान्यावर नजर थांबते खरी.

डिसूझाच्या क्लबांची नावं दोनच: टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅल्टेक्स. या दोन नावांत त्या काळच्या मुंबईच्या फुटबॉलचं अर्थशास्त्र आहे. खेळण्याचे पैसे मिळत नसत. मिळायची ती नोकरी. कंपनी चांगला खेळाडू हेरायची, हजेरीपटावर घ्यायची आणि लीगच्या दिवसांत मैदानावर पाठवायची. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, गिरण्या. मुंबईच्या लीगचा तक्ता म्हणजे थोडक्यात शहरातल्या मालकवर्गाची यादीच होती. पावसाळ्यात हारवूड लीग, कुपरेजच्या चिखलात. पावसाळा सरला की रोव्हर्स चषक, ज्यासाठी कलकत्ता आणि हैदराबादचे बडे संघ यायचे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, आणि भारतीय संघाचेही तेच. म्हणजे कुपरेजवर डिसूझाची पिढी ज्या संघाचा मार खात मोठी होत होती, त्याच संघाचा गुरू त्याला मेलबर्नला घेऊन गेला. १९५४ मध्ये मुंबईने संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला. डिसूझा तेव्हा बावीस वर्षांचा होता.

आता नोवी साद. तोडोर वेसेलिनोविच, सगळ्यांचा ‘तोझा’, जन्म २२ ऑक्टोबर १९३०. युगोस्लाव्हियाच्या याद्यांत तो कधी तोडोर म्हणून भेटतो, कधी तोझा म्हणून, माणूस एकच. त्याचा मुख्य क्लब वोयवोदिना. बेलग्रेड आणि झाग्रेबच्या बलाढ्य क्लबांपुढे हा प्रांतातला संघ, पण पन्नाशीच्या दशकात तो त्यांच्या तोडीला आला. लीगच्या तक्त्यांत तोझाचं नाव चार वेळा सर्वांत वर आहे. १९५५-५६ मध्ये दोघांबरोबर वाटून, २१ गोल. १९५६-५७ मध्ये एकट्याने, २८ गोल. १९५७-५८ मध्ये पुन्हा एकट्याने, १९. आणि १९६०-६१ मध्ये एकाबरोबर वाटून, १६. देशासाठी ३७ सामने, २८ गोल. ही सरासरी आजच्या कुठल्याही आघाडीपटूने हेवा करावा अशी आहे. मेलबर्नचं ऑलिंपिक त्याच्या २८ गोलांच्या मोसमाच्या पोटातच पडलं, हे तारखा जुळवल्यावर कळतं. भारतासमोर जो माणूस उभा राहिला तो कारकिर्दीच्या ऐन भरातला होता.

ऑलिंपिकच्या नियमाने मात्र तो ‘हौशी’. युगोस्लाव्हियातल्या फुटबॉलपटूंची नोंद कागदोपत्री विद्यार्थी, कर्मचारी, सैनिक अशी असायची. मुंबईच्या कंपनीत हजेरी लावून कुपरेजवर खेळणारा डिसूझाही हौशीच. दोन्हीकडे पगार कशाचा आणि काम कशाचं याबद्दल नियमावली सोयीस्कर डोळेझाक करत होती. फरक एवढाच की तिकडे सरकारच पूर्ण वेळ खेळवत होतं, इकडे कंपनी फावल्या वेळात.

मेलबर्नला येण्याचं कबूल केलेल्या बऱ्याच देशांनी माघार घेतली आणि स्पर्धा अकरा संघांवर आली. भारताची पहिली गाठ हंगेरीशी होती. हंगेरीने माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली. युगोस्लाव्हियालाही पहिल्या फेरीत खेळावं लागलं नाही. २८ नोव्हेंबरला त्यांनी अमेरिकेचा ९-१ असा धुव्वा उडवला. त्यातले तीन तोझाचे: पहिला दहाव्या मिनिटाला, उरलेले दोन शेवटच्या काही मिनिटांत, सामना केव्हाच संपला होता तेव्हा. मुयिचचेही तीन.

भारताचा पहिला सामना १ डिसेंबरला, ऑलिंपिक पार्कवर, यजमान ऑस्ट्रेलियाशी. नवव्या मिनिटाला डिसूझाचा गोल. सतराव्याला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने बरोबरी केली. तेहेतिसाव्याला पुन्हा डिसूझा, एकेचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. पन्नासाव्या मिनिटाला डिसूझाचा तिसरा आणि ऐंशीव्याला किट्टूने केलेला संघाचा चौथा. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. भारताने या स्पर्धेत एकूण पाच गोल केले, त्यांपैकी चार डिसूझाचे. किट्टूचा हा एक सोडला तर मेलबर्नमधला भारताचा सगळा गोल-हिशेब एका माणसाच्या खात्यावर आहे.

या हॅट्ट्रिकबद्दल नेहमी सांगितलं जातं की ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारा तो पहिला आशियाई. असले ‘पहिला’वाले दावे संशयाने पाहावेत. हा तपासता येतो, कारण तोवर ऑलिंपिकमध्ये आशियाई संघांनी गोल केलेले सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. १९३६ मध्ये जपानने स्वीडनला ३-२ असं हरवून खळबळ उडवली, पण ते तीन गोल तीन वेगवेगळ्या खेळाडूंचे. त्याच वर्षी चीनला गोल करता आला नाही. १९४८ मध्ये कोरियाने मेक्सिकोवर पाच गोल केले; त्यांत एकाच्या नावावर जास्तीत जास्त दोन. त्याच वर्षी भारताचा फ्रान्सविरुद्ध एक, १९५२ मध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध एक. मेलबर्नलाच आधी खेळलेले थायलंड, जपान आणि इंडोनेशिया हे तिघेही गोलाविना. तीन गोलांना जागा कुठेच उरत नाही. दावा टिकतो.

दुसरा दावा, की भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचणारा पहिला आशियाई संघ, तोही खरा. त्याच्याबरोबर हेही लिहायला हवं की तिथवर पोचायला भारताला एकच सामना जिंकावा लागला. यात कमीपणा काही नाही; सोडत ज्याच्या त्याच्या नशिबाची. पण सुवर्णयुगाच्या गप्पांत ही पुढे चाल हमखास गळते.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर. समोर युगोस्लाव्हिया. भारताच्या दृष्टीने ही जुनी बाकी होती. चार वर्षांपूर्वी, १५ जुलै १९५२ ला, हेलसिंकीत याच देशाने भारताला १०-१ असं तुडवलं होतं. एकट्या झेबेकचे चार गोल. आपल्या संघातले बहुतेक जण त्या दिवशी थंडीत अनवाणी खेळले होते. त्या मारानंतर पायात बूट आले. रहीमसाहेबांनी इतरही बरंच बदललं. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने हरवलं तेव्हा त्यांचा एक आघाडीपटू मुद्दाम मागे राहून खेळला होता. ही कल्पना रहीमसाहेबांनी भारतात लवकर उचलली. मेलबर्नला समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कप्तान, उजव्या बगलेला वीस वर्षांचा पी. के. बॅनर्जी, डावीकडे तुलसीदास बलराम, आणि गोलच्या तोंडाशी डिसूझा.

पहिला अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, गोल नाही. ज्या संघाने चार वर्षांपूर्वी दहा मारले आणि सहा दिवसांपूर्वी अमेरिकेला नऊ मारले, त्याला भारताने मध्यंतरापर्यंत शून्यावर रोखलं. बावन्नाव्या मिनिटाला डिसूझाने गोल केला. भारत १, युगोस्लाव्हिया ०. हा त्याचा चौथा. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या इतक्या जवळ भारतीय फुटबॉल त्याआधी कधी गेला नव्हता आणि नंतर कधी गेला नाही. ही जवळीक टिकली दोन मिनिटं. चौपन्नाव्याला पापेत्सने बरोबरी साधली. सत्तावन्नाव्याला वेसेलिनोविचने आघाडी मिळवून दिली. हा त्याचा चौथा. पासष्टाव्याला पुन्हा पापेत्स. अठ्ठ्याहत्तराव्याला सलामचा स्वयंगोल. ४-१.

दोघांचे चौथे गोल पाच मिनिटांच्या अंतरात. त्या पाच मिनिटांत काय घडलं याचं वर्णन नंतरच्या काळात अनेकांनी केलं आहे: कुणी दमछाकीला दोष दिला, कुणी बचावफळीला. तक्त्यातून निघतं ते इतकंच की युगोस्लाव्हियाला खेळावर ताबा मिळवायला गोल खाण्याची गरज पडली आणि नंतर तेरा मिनिटांत सामना संपला. ०-० असताना फोडता न आलेला संघ आघाडी घेतल्यावर कोसळतो, हे फुटबॉलमध्ये वारंवार दिसतं. आघाडी टिकवणं ही सवयीची बाब, आणि ती सवय दर आठवड्याला तुल्यबळ संघाशी खेळूनच लागते. तोझाला ती लीगमध्ये लागली होती. डिसूझाला पावसाळ्यातल्या हारवूड लीगमध्ये ती कुठून लागणार होती?

कांस्यपदकाचा सामना ७ डिसेंबरला. बल्गेरिया ३, भारत ०. दिएवचे दोन आणि मधला मिलानोवचा. तिसऱ्या भागीदाराचा चौथा गोल. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात इल्यिनच्या एकमेव गोलावर सोव्हिएत संघाने युगोस्लाव्हियाला हरवलं. तोझाच्या हाती रौप्य आलं.

भारताचं चौथं स्थान मुंबईत गाजलं का? त्या आठवड्याचं पंचांग पाहावं. १ नोव्हेंबरला द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आलं होतं आणि संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं होतं. जगात सुएझचा संघर्ष आणि बुडापेस्टचा उठाव. ६ डिसेंबरला मेलबर्नमध्येच हॉकीत भारताने पाकिस्तानला १-० ने हरवून सुवर्ण घेतलं. त्याच ६ डिसेंबरच्या पहाटे दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं, आणि ७ तारखेला, म्हणजे भारत बल्गेरियाशी खेळला त्याच दिवशी, दादरच्या समुद्रकाठी लाखो लोकांच्या उपस्थितीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी मुंबईचं लक्ष कुठे होतं हे सांगायला नको. फुटबॉलमध्ये आपण चौथे आलो, ही बातमी फार वाईट दिवशी आली.

पुढे दोघांच्या वाटा फुटतात, आणि कागदांच्याही.

तोझाने १९५८ च्या विश्वचषकात तीन गोल केले, त्यांतले दोन फ्रान्सविरुद्ध, दुसरा अगदी शेवटी सामना जिंकून देणारा. त्या विश्वचषकाआधी, ११ मे १९५८ ला, बेलग्रेडमध्ये इंग्लंडला ५-० ने हरवलं त्यातही त्याचा एक होता. युगोस्लाव्हिया आपल्या खेळाडूंना ऐन उमेदीत बाहेर जाऊ देत नसे. तिशी उलटल्यावर, १९६१ मध्ये, तो सुटला. इटलीत जेनोआच्या सांपदोरियाकडे गेला. वोयवोदिनातला त्याचा जोडीदार वुयादिन बोश्कोव त्याच मोसमात तिथे होता. (हाच बोश्कोव तीस वर्षांनी प्रशिक्षक म्हणून सांपदोरियाला इटलीचं पहिलं आणि आजवरचं एकमेव अजिंक्यपद मिळवून देणार होता.) तिथून व्हिएन्नाचा ऑस्ट्रिया हा क्लब, तिथून ब्रुसेल्सचा युनियन सेंट-जिलुआझ. उतारवयातल्या आघाडीपटूचा हा नेहमीचा प्रवास: दर वर्षा-दोन वर्षांनी नवा देश, नवी भाषा, थोडा खालचा दर्जा, पण रोख पैसा.

खेळणं थांबलं तरी भटकंती थांबली नाही. प्रशिक्षक म्हणून तो कोलंबियाच्या राष्ट्रीय संघापर्यंत गेला. १९८२ मध्ये युगोस्लाव्हियाचा प्रशिक्षक झाला. १९८३ च्या डिसेंबरात स्प्लिटला बल्गेरियाविरुद्ध रादानोविचने शेवटच्या क्षणी डोक्याने गोल केला आणि ३-२ ने जिंकून त्याचा संघ युरोपीय स्पर्धेला पात्र ठरला. पुढच्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये तिन्ही सामने हरून परत आला, डेन्मार्ककडून तर ५-० असा. नोकरी गेली. लगेच इस्तंबूल: १९८४-८५ मध्ये फेनरबाहचे अजिंक्य. मग १९८८-८९ मध्ये त्याच क्लबात दुसऱ्यांदा, आणि या वेळी लीगमध्ये १०३ गोल. तुर्कस्तानात आजही तोझा हे नाव या आकड्यासकट घेतलं जातं. वय वर्षं ८६ असताना, १७ मे २०१७ ला, तो गेला.

मेलबर्नच्या त्या युगोस्लाव्ह संघातल्या इतरांचे पत्तेही जगभर सापडतात. गोलरक्षक रादेन्कोविच म्युनिकला गेला, १८६० म्युनिकबरोबर १९६६ मध्ये जर्मनीचं अजिंक्यपद जिंकला आणि मधल्या काळात गाण्याची तबकडी काढून ती भरपूर खपवली. दुसरा गोलरक्षक विदिनिच १९७० च्या विश्वचषकात मोरोक्कोचा आणि १९७४ ला झाईरचा प्रशिक्षक होता. त्याच्या झाईरला ९-० ने हरवलं ते युगोस्लाव्हियानेच. शेकुलारात्स जर्मनी, कोलंबिया असा हिंडला. या मंडळींच्या प्रत्येक मुक्कामाला एक करार होता, एक नोंदणी होती, एक मोसमी तक्ता होता. त्यामुळे त्यांची कारकीर्द सलग लिहिता येते. भटक्या व्यावसायिकाचा एक फायदा असा की तो जाईल तिथे पावती मागे ठेवतो.

भारतीय संघ परतला तो आपापल्या कचेऱ्यांत. पी. के. बॅनर्जी मोहन बागान वा ईस्ट बंगालकडे न जाता अखेरपर्यंत ईस्टर्न रेल्वेतच राहिला. हैदराबादचे खेळाडू पोलिसांत. डिसूझा मुंबईत. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक जिंकला आणि डिसूझा त्या संघात होता. कुपरेजवर बंगालचे आणि हैदराबादचे संघ वर्षानुवर्षं मिरवत आले होते. तिथे मुंबईच्या एका तेल कंपनीच्या कामगारांनी चषक घेतला, ही छोटी गोष्ट नव्हती. १९६० च्या रोम ऑलिंपिकला भारत गेला तेव्हा संघात डिसूझा नव्हता. गोंयकारांचा मुंबईतून भारतीय संघात जाण्याचा रस्ता मात्र चालू राहिला. रोमच्या संघात बार्देसचाच फोर्तुनातो फ्रँको होता, तोही मुंबईत टाटांकडून खेळणारा.

चोवीस वर्षांचा आघाडीपटू ऑलिंपिकमध्ये चार गोल करतो आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पुढच्या ऑलिंपिकला नसतो, याचं कारण त्याच्या पायांतच शोधायला हवं असं नाही. युरोपात या गोलांनंतर एखादा क्लब दारात उभा राहिला असता. मुंबईत दार कंपनीचं होतं आणि त्याला बढतीची शिडी होती, बदलीची सोय होती, पण फुटबॉलची किंमत ठरवणारा बाजार नव्हता. खेळाडूचं मूल्य वाढलं तरी पगार वाढायचा तो कारकुनाच्या श्रेणीप्रमाणे. ही व्यवस्था वाईट होती असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. पस्तिशीत गुडघा गेल्यावरही महिन्याच्या एक तारखेला पगार मिळणं, भविष्यनिर्वाह निधी, पोरांची शाळा, हे त्या काळच्या मध्यमवर्गीय मुंबईकराला ब्रुसेल्सच्या एका मोसमापेक्षा जास्त मोलाचं होतं. पण या व्यवस्थेने खेळाडूला जेवढी स्थिरता दिली तेवढीच त्याच्या खेळाची नोंद पुसट केली. करार होत नाहीत तिथे वाटाघाटी होत नाहीत, हस्तांतर होत नाही, बातमी होत नाही. हजेरीपट उरतो, आणि हजेरीपटावर गोल लिहीत नाहीत.

आणि कंपनीही उरत नाही. कॅल्टेक्सचा भारतातला कारभार १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतला आणि १९७८ मध्ये तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. रोव्हर्स जिंकणाऱ्या क्लबाच्या मागे असलेली कंपनीच अशा रीतीने दुसऱ्या नावाच्या पोटात गेली. वोयवोदिना आजही नोवी सादला आहे, आपल्या चार वेळच्या अव्वल गोलकर्त्याची आकडेवारी सांभाळून. नेव्हिल डिसूझा १९८० मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वारला. तेव्हा भारतात राष्ट्रीय पातळीवरची फुटबॉल लीग नव्हती. ती यायला १९९६ उजाडलं. व्यावसायिक म्हणावी अशी व्यवस्था त्याहून नंतरची.

अलीकडे गोव्याच्या संघात तोझाच्याच प्रांतातला एक आघाडीपटू खेळून गेला आहे, आणि त्याची कागदपत्रं वाचायला फारसे कष्ट पडत नाहीत. देयान द्राझिच, जन्म १९९५, गाव सोंबोर, वोयवोदिना प्रांत. बेलग्रेडमध्ये सुरुवात, मग स्पेनमध्ये सेल्ता विगो, स्लोव्हाकियात स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा, इतरही मुक्काम, आणि २०२४-२५ च्या मोसमात एफसी गोवा. ३ मे २०२५ ला भुवनेश्वरमध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात गोव्याने जमशेदपूरला ३-० ने हरवलं. पहिले दोन गोल बोर्हा एर्रेराचे, तिसरा द्राझिचचा. त्याच मोसमात त्याच संघात गोव्याचाच पोरगा ब्रायसन फर्नांडिस आघाडीला खेळत होता. सोंबोरचा द्राझिच आणि गोंयकार फर्नांडिस, दोघांचीही नोंद खेळाडू म्हणून, दोघांचाही करार क्लबाशी, आणि दोघांचाही पगार खेळण्याचा.